घोरण्याला रकाना नाही

आयुर्विम्याच्या जुन्या प्रपोजल फॉर्ममध्ये एक प्रश्न असायचा : तुमची प्रकृती सर्वसाधारणपणे कशी असते? उत्तर ठरलेलं, 'चांगली'. माणूस धापा टाकत जिना चढून आलेला असला तरी 'चांगली'. त्याच्या आगेमागे बाकीचे प्रश्न. गेल्या पाच वर्षांत आठवड्याहून जास्त उपचार लागतील असा आजार झाला का? तब्येतीमुळे कामावर गैरहजर होता का? मग मधुमेह, क्षय, रक्तदाब, कर्करोग, फिट्स, हर्निया, कुष्ठरोग अशी रांग आणि शेपटाला 'किंवा इतर कोणताही आजार'. कऱ्हाड आणि आसपासच्या गावांत विमा एजंट म्हणून हिंडताना हा फॉर्म मी इतका भरलाय की प्रश्न पाठ झालेत. त्यात झोपेबद्दल अक्षर नव्हतं. झोप गेली तर ती 'इतर कोणताही' मध्ये घालायची, आणि घोरणं तर तिथंही नाही. घोरण्याची चेष्टा व्हायची, त्याला आजार कोण म्हणणार?

या धंद्यात बाई असण्याचा एक फायदा मला सुरुवातीपासून मिळाला. पुरुष एजंट बाहेरच्या खोलीत बसतो, चहा घेतो, सह्या घेतो आणि निघतो. मला आत बोलावतात. बाहेर नवऱ्यानं 'काही नाही हो, ठणठणीत आहे' म्हणून सांगितलेलं असतं, आणि आत चहाचं आधण ठेवता ठेवता बायको हळूच विचारते, "ताई, ह्यांचा श्वास रात्री मधेच थांबतो. मी हलवते, मग एकदम मोठ्यांदा सुरू होतो. ते लिहायचं असतं का?" साखर कारखान्यातल्या एका फिटरच्या घरी असंच झालं. गळीत हंगाम चालू होता, तो रात्रपाळी करून आला होता, आणि सही करता करता त्याचं पेन कागदावर घसरत गेलं. डोळा लागला होता. बायको म्हणाली, "सीझन नसला तरी असंच असतं." तो जागा झाला आणि म्हणाला, "दमतो माणूस, त्यात काय लिहायचं?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा या कागदाची गंमत कळली. ज्याची सही लागते त्याला आपल्या झोपेतलं काही ठाऊक नसतं, आणि जिला सगळं ठाऊक असतं तिची सही फॉर्मवर कुठेच लागत नाही.

आमच्या डीओंना, म्हणजे विकास अधिकाऱ्यांना, फॉर्म स्वच्छ लागायचा. कुठं 'हो' दिसलं की तो ब्रँचमधून वर जातो, वरून प्रश्नावली येते, मेडिकल मागतात, मार्च एंडिंगला पॉलिसी लटकते. फिटरला मी छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि ते काय लिहून देतात ते बघू, मग फॉर्म भरू, असं सांगितलं. तो गेला नाही. त्याने दुसऱ्या एजंटाकडून पॉलिसी घेतली. हे मी कुणाची तक्रार म्हणून सांगत नाही. त्यालाही घर होतं, त्या एजंटालाही होतं.

झोपेच्या गोळीचं आणखी वेगळं. एका शिक्षिकेचे यजमान अचानक गेले. वर्षभर हप्ते राहिले आणि पॉलिसी लॅप्स झाली. ती पुन्हा चालू करायची तर तब्येतीचं घोषणापत्र द्यावं लागतं, आम्ही त्याला डीजीएच म्हणतो. पॉलिसी घेतल्यापासून आजवर काय काय झालं, ते सगळं त्यात पुन्हा जाहीर करायचं. बाई म्हणाल्या, "मला आजार काही नाही, फक्त झोपेची अर्धी गोळी घेते." ती गोळी अल्प्राझोलामची. २०१४ पासून ही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि देताना दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं, पेशंटचं आणि औषधाचं नाव लिहून ठेवावं लागतं. म्हणजे बाईंच्या लेखी जो आजार नव्हता, त्याची नोंद मेडिकलवाल्याकडे महिन्याच्या महिन्याला होत होती. मी गोळी लिहिली. कंपनीनं डॉक्टरांकडून प्रश्नावली भरून मागितली. डॉक्टर आधी चिडले. "दुःख झालेल्या बाईला मी मनोरुग्ण ठरवू का?" बाईंना वाटलं, आपलं काम बिघडलं. मी डॉक्टरांना एवढंच म्हटलं, की तुम्ही ठरवू काहीच नका, का दिली, किती दिली आणि आता किती घेतात, ते लिहा. त्यांनी तीन ओळी लिहिल्या. पॉलिसी नेहमीच्याच हप्त्याने चालू झाली.

तीन ओळींना इतकं महत्त्व का, ते सांगायचं तर विमा कायद्याच्या कलम ४५ कडे जावं लागतं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षं उलटली की आयुर्विम्याची पॉलिसी खोट्या किंवा लपवलेल्या माहितीच्या कारणावरून नाकारता येत नाही. आधी ही मुदत दोन वर्षांची होती. पण ही तीन वर्षं पहिल्या हप्त्यापासूनच मोजली जातात असं नाही. पॉलिसी लॅप्स होऊन पुन्हा चालू झाली की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. बहुतेक लोकांना हे माहीत नसतं आणि काही एजंटांनाही नसतं. त्याच कलमात पुढे आहे, की विमेदारानं आपल्या समजुतीप्रमाणे खरंच सांगितलं होतं, लपवायचा हेतू नव्हता, हे सिद्ध झालं तर फसवणूक म्हणून दावा नाकारता येत नाही. आणि विमेदारच हयात नसेल तर हे सिद्ध करायचं कुणी? वारसांनी. म्हणजे बहुतेक वेळा त्याच बाईनं, जी रात्र रात्र त्याला हलवत होती.

हे मी एका दाव्यात जवळून पाहिलं. पॉलिसीला दोन वर्षंही झाली नव्हती. माणूस पहाटे छातीत दुखून गेला. असा दावा चौकशीला जातोच, त्यात वावगं काही नाही. चौकशी अधिकाऱ्यानं हॉस्पिटलचा केस पेपर काढला, त्यावर स्लीप अ‍ॅप्नियाचा 'जुना पेशंट, दोन वर्षांपासून' असं लिहिलेलं. घरातल्यांनी हा शब्द आयुष्यात ऐकला नव्हता. मग उलगडा झाला. त्या रात्री ॲडमिट करताना मेव्हणा बरोबर होता. शिकाऊ डॉक्टरनं घाईत विचारलं, आधी काही त्रास होता का? मेव्हणा म्हणाला, "झोपेत श्वास अडकतो त्यांचा, दोन वर्षं तरी झाली." डॉक्टरनं त्याला वैद्यकातलं नाव दिलं आणि कागदावर टाकलं. कधी तपासणी नाही, निदान नाही, औषध नाही, पण कागद म्हणतो, जुना पेशंट. हॉस्पिटलच्या फिजिशियनकडून ही माहिती नातेवाइकानं तोंडी दिलेली आहे, निदानाचा कागद आम्ही पाहिलेला नाही, असं पत्र मिळवायला त्या बाईला बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या. पत्र मिळालं, दावा मंजूर झाला. तेव्हापासून मी ज्यांच्या ज्यांच्या घरी जाते त्यांना सांगते, की हॉस्पिटलात नेताना माहिती एकानंच द्यायची, आणि डॉक्टरांनी सांगितलेला आजार कुठला आणि आपला अंदाज कुठला, ते वेगवेगळं सांगायचं.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा एक निकाल आमच्या धंद्यात फार फिरतो. त्यात विमेदारानं पाठीच्या मणक्याचं दुखणं लिहिलं नव्हतं, मृत्यू हृदयविकारानं झाला, आणि दोघांचा संबंध नाही म्हणून पैसे द्यायला लावले. हा निकाल दाखवून 'काही लिहू नका, कोर्ट आहे' म्हणणारे भेटतात. माझं मत विचाराल तर त्यांच्यापासून लांब राहा. एक तर कंपनीच्या बाजूचेही निकाल आहेत, आणि झोपेत श्वास अडकण्याचा हृदयाशी संबंध नाही असं कुठला वकील म्हणणार?

आता माझं स्वतःचं. पन्नाशी उलटल्यावर सकाळी डोकं जड व्हायला लागलं. रात्री तीन-चारदा लघवीला उठायचं. ब्रँचच्या मीटिंगमध्ये टार्गेटचे आकडे सुरू झाले की माझी मान खाली. सहकारी हसायचे. आकडे तसेच असतात हे मान्य, पण मला तर भाजीवाल्याकडे रांगेत उभ्या उभ्याही डुलकी यायची. पहिल्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ केलं. बी-१२ कमी होतं, इंजेक्शनं झाली. डी-३ च्या आठवड्याच्या पुड्या झाल्या. थोडं बरं वाटलं आणि पुन्हा तेच. दुसऱ्यांनी सांगितलं, या वयात बायकांना होतं, टेन्शन घेऊ नका. मी म्हटलं, झोप येत नाही. त्यांनी अर्धी गोळी लिहून दिली, शिक्षिकाबाईंचीच.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं. पेशंट 'झोप येत नाही' म्हणतो तेव्हा डॉक्टरांच्या कानावर निद्रानाश पडतो. मला झोप येत होती, रात्रभर येत होती, तीच मोडत होती. पण हे मला कोण सांगणार? आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या झोपेला साक्षीदारच नव्हता. पुरुषांचं घोरणं बायका डॉक्टरांपर्यंत नेतात. बायकांचं कोण नेतं? जिला नवरा आहे तिचा नवराही बहुधा शेजारी घोरत पडलेला असतो. त्यामुळे बाई डॉक्टरांकडे जाते ती थकवा, डोकेदुखी, चिडचिड घेऊन, आणि येते रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन.

उलगडा झाला तो भलत्याच डॉक्टरांकडे. पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी भूल देणारे डॉक्टर आले. त्यांच्याकडेही एक फॉर्म : कवळी आहे का, ॲलर्जी आहे का, आधी कधी भूल घेतली होती का. मी माझ्या धंद्याच्या सवयीनं भराभर उत्तरं देत होते. मग ते म्हणाले, घोरता का? मी म्हटलं, मला काय माहीत. दिवसा थकवा? हो. झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय? इथं माझ्या मुलीनं मोबाईल काढला. ती बाळंतपणाला आलेली, रात्री बाळासाठी जागी असायची, आणि आईच्या आवाजानं बाळ उठतं म्हणून तिनं चेष्टेत व्हिडिओ करून ठेवला होता. डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला. मग खिशातून टेप काढून शिंप्यासारखी माझी मान मोजली. ४० सेंटिमीटरच्या वर. स्टॉप-बँग नावाची ही आठ प्रश्नांची यादी टोरांटोच्या भूलतज्ज्ञांनी २००८ मध्ये तयार केली : घोरणं, थकवा, श्वास थांबणं, रक्तदाब, वजन, वय, मान, आणि आठवा गुण पुरुष असण्याचा. तो सोडून माझे सहा गुण झाले. पाच किंवा त्याच्या वर गेलं की धोका जास्त.

"ही अर्धी गोळी कशाला घेता?" त्यांनी विचारलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. मेंदू दचकून आपल्याला क्षणभर उठवतो म्हणून श्वास परत सुरू होतो. ती गोळी स्नायू आणखी सैल करते आणि ते दचकून उठणंही मंद करते. माझ्या मनात आलं ते इतकंच, की माझ्या ग्राहकांपैकी किती जण ही गोळी घेत असतील.

ऑपरेशन झालं. रात्रभर बोटाला ऑक्सिजनची क्लिप लावून मला नजरेखाली ठेवलं आणि डिस्चार्ज कार्डावर लिहिलं, स्लीप स्टडी करावी. ती कोल्हापुरात झाली. डोक्याला तारा, छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाशी नळी. अशात झोप कशी लागणार म्हणत होते आणि लागली. ताशी किती वेळा श्वास निदान दहा सेकंद थांबतो किंवा उथळ होतो, ते मोजतात. पाचापर्यंत ठीक, तिसाच्या पुढे तीव्र. माझा आकडा ३४ आला. कान-नाक-घसावाल्यांनी शस्त्रक्रियेबद्दल सांगितलं, छातीच्या डॉक्टरांनी सीपॅप मशीन सांगितलं. नाकावर मास्क आणि रात्रभर हवेचा दाब, एवढाच उपचार. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी तो १९८१ मध्ये जगापुढे आणला. मला पुन्हा चाकूखाली जायचं नव्हतं, मी मशीन घेतलं. सुरुवातीला रात्री कधीतरी मास्क आपोआप उशीखाली गेलेला असायचा. तोंड कोरडं, नाकावर वळ. मशीनमध्ये कार्ड असतं, कुठल्या रात्री किती तास लावलं ते डॉक्टरांना दिसतं. त्या कार्डापुढे 'चांगली' म्हणून चालत नाही. महिनाभरात डोकेदुखी गेली.

छातीच्या डॉक्टरांकडे मिळणारी एपवर्थ नावाची यादी मी आता बॅगेत ठेवते. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी ती १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. आठ प्रसंग दिलेले असतात : वाचत बसलाय, दुपारी आडवे झालाय, गाडीत तासभर प्रवासी म्हणून बसलाय, गाडी रहदारीत थांबलीय. प्रत्येकाला डुलकी लागायची शक्यता शून्य ते तीन. दहाच्या वर गेलं की डॉक्टर गाठा. पण लोक इथंही आपली प्रकृती चांगलीच ठेवतात. म्हणून मी यादी दोन प्रती करून देते, एक त्याला, एक घरातल्यांना. दोन बेरजा कधी जुळत नाहीत. डॉक्टरांकडे दोन्ही न्यायच्या. पाच मिनिटांच्या तपासणीत डॉक्टरांना तेवढंच लागतं : दिवसा कुठे कुठे डोळा लागतो आणि रात्री पाहणाऱ्याला काय दिसतं. मोबाईलवरचा अर्धा मिनिट असेल तर उत्तमच.

मग माझ्यावर माझाच फॉर्म भरायची वेळ आली. आरोग्य विमा दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा होता आणि रक्कमही वाढवायची होती. नव्या फॉर्ममध्ये श्वसनाच्या प्रश्नात स्लीप अ‍ॅप्निया नाव घेऊन विचारलेला होता. 'हो' वर खूण केली. अपेक्षेप्रमाणे प्रश्नावली आली : निदान कधी, आकडा किती, मशीन वापरता का, रक्तदाब कधीपासून, लक्षणं कधीपासून. डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलं, त्यात होतं 'बऱ्याच काळापासून'. त्यांच्या दृष्टीनं ते खरंच होतं. पण विमा कंपनी 'बऱ्याच काळापासून' वाचते तेव्हा तिला आधीच्या पॉलिसीच्या फॉर्ममध्ये हे का नव्हतं, असं विचारता येतं. मी परत गेले. डॉक्टर जरा थंडपणे म्हणाले, "म्हणजे तुम्हाला सोयीचं लिहून हवंय?" मी म्हटलं, "सोयीचं नको. तुमच्या फाईलमध्ये आहे तेवढंच लिहा. पेशंट म्हणते थकवा अमुक सालापासून, संशय पहिल्यांदा अमुक तारखेच्या डिस्चार्ज कार्डावर, निदान अमुक तारखेच्या स्टडीत." त्यांनी फाईल उघडली, तारखा पाहिल्या आणि नवीन कागद घेतला. जाताना म्हणाले, हे असं आम्हाला कुणी शिकवत नाही.

'कधीपासून?' हा प्रश्न डॉक्टर विचारतात आणि विमा कंपनीही विचारते. डॉक्टरांना आजाराचं वय हवं असतं, कंपनीला तुम्हाला कळल्याची तारीख. एकाच्या उत्तराचा कागद दुसऱ्याला दिला की घोटाळा होतो. मला पॉलिसी मिळाली, जास्त हप्त्याने. वाढवलेल्या रकमेसाठी या आजाराला तीन वर्षांची प्रतीक्षा. २०२४ पासून नियामकानं आधीच्या आजारासाठी तीच कमाल मर्यादा ठरवलीय. आणि सलग पाच वर्षं झाली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून आरोग्य विम्याचा दावा नाकारता येत नाही, हेही तेव्हापासूनच. जास्त हप्ता मला जड जातो. तो मी 'नाही' लिहून वाचवलेला नाही म्हणून कुणी मला शहाणी म्हणू नये. मला चौकशी अधिकारी काय काय काढतो ते ठाऊक होतं, एवढंच.

सगळ्यात अडचण होते ती ड्रायव्हर लोकांची. माझा एक ग्राहक कऱ्हाडहून वाशी मार्केटला भाजीचा टेम्पो नेतो. संध्याकाळी माल भरायचा, पहाटे मार्केटला टेकायचं. त्याच्या बायकोनं मला स्वयंपाकघरात सांगितलं, की खंबाटकी घाट चढताना क्लीनर त्याला बोलता ठेवतो. मी त्याला यादीच्या दोन प्रती दिल्या. त्याची बेरीज सहा, तिची सतरा. तो म्हणाला, "मॅडम, हे कागदावर आलं तर लायसन गेलं. मग हप्ता कशातून भरू?"

त्याची भीती खोटी नाही, पण लायसनचा कागद त्यानं कधी नीट वाचला नव्हता. फॉर्म १ मध्ये स्वतः जाहीर करायचं असतं : फिट्स किंवा अचानक शुद्ध हरपते का, २५ मीटरवरून नंबर प्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येतं का. फॉर्म १-अ मध्ये डॉक्टर जवळपास हेच प्रमाणित करतात. झोप तिथंही नाही. आहे ती फॉर्म १ च्या शेवटच्या प्रश्नात, की ज्यामुळे तुमचं गाडी चालवणं लोकांना धोक्याचं होईल असा इतर काही आजार आहे का? उपचार न घेतलेला स्लीप अ‍ॅप्निया त्यात बसतो, हे तो स्वतःही नाकारू शकला नाही. मी म्हटलं, लायसनचं नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे, आजपासून तोवर उपचार घे, मग त्या प्रश्नाला तुझ्याकडे डॉक्टरांच्या कागदासकट उत्तर असेल. मशीनसाठी त्याच्या मेव्हण्यानं पैसे दिले. तो दिवसा झोपतो, तेव्हा बायको मास्क लावलाय का ते बघून जाते. सतराची बेरीज तिच्याच हिशोबानं सातवर आली.

नूतनीकरणाच्या वेळी त्यानं मला फोन केला. छातीच्या डॉक्टरांचं पत्र आणि मशीनचा तीन महिन्यांचा रिपोर्ट घेऊन तो सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी डोळे तपासले, रंग ओळखायला लावले, हात वर करायला सांगितले आणि सही केली. यानं पत्र पुढे केलं, तर ते म्हणाले, "याला यात रकाना नाही." मी त्याला म्हटलं, परत जा आणि पत्राच्या झेरॉक्सवर 'पाहिले' म्हणून तारखेसकट सही-शिक्का घेऊन ये. तो कुरकुरत गेला आणि घेऊन आला. झेरॉक्सची एक प्रत त्याच्या विम्याच्या फाईलमध्ये मी लावून ठेवलीय.